ढवळीआजीसाठी आणलेला खाऊ

माणसं कुत्र्यांची भाषा नुकतीच विसरली होती, तेव्हाची ही गोष्ट. अनाथ कुत्र्यांच्या आश्रमातून कुसुममावशी डांग्याला दिवसभर फिरायला घेऊन निघाल्या. पिंजऱ्यातली आंधळी ढवळीआजी म्हणाली, "लेकरा, माझ्यासाठी बाहेरचं थोडं थोडं अंगाला माखून आण हो!"

डांग्या खाडीच्या चिखलात मनसोक्त लोळला, मासळीबाजारात अंग घासून आला, शेळीच्या करडांबरोबर हुंदडला.

संध्याकाळी मावशींनी बादली भरली. "शी! असा परत नेऊ होय तुला?"

अंघोळ केली तर आजीला काय देणार? डांग्यानं धूम ठोकली ती थेट आश्रमात. मागून साबण घेऊन मावशी धापा टाकत आल्या.

आजी डांग्याला शेपटीपासून कानापर्यंत हुंगत होती. "खाडी... बांगडे... अगं बाई, करडूसुद्धा!" तिची शेपटी थांबेचना.

मावशींनी साबण हळूच पदराआड लपवला.