दोन माइक आणि आतला आवाज

ही गोष्ट नक्की कधीची, हे त्र्यंबकरावांना खात्रीने सांगता येत नाही. वस्तू माणसांशी बोलत त्या काळातली, एवढं धरून चालावं. घरी बसून पक्ष्यांवर पॉडकास्ट करायचा म्हणून त्यांनी दोन माइक पारखायला आणले होते.

चकचकीत माइक म्हणाला, "मला घरातलं सगळं ऐकू येतं. पंखा, कुकर, वहिनीसुद्धा."

बुटका माइक म्हणाला, "माझ्या तोंडाशी येऊन बोलेल, त्याचंच मी ऐकतो."

"मग तूच राहा," त्र्यंबकराव म्हणाले. "ही मधे मधे फार बोलते."

"तुम्ही विसरता म्हणून बोलते हो," कमलिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

चकचकीत माइक म्हणाला, "एकदा विचार करा." त्यांनी त्याला खोक्यात घालून परत पाठवलं.

पुढे रेकॉर्डिंग करताना एखाद्या पक्ष्याचं नाव अडलं, की कमलिनीबाई पोळ्या लाटता लाटता आतून सांगत, "तांबट." मग त्र्यंबकराव ते माइकमध्ये म्हणत.

कमलिनीबाई गेल्या. पुष्कळ वर्षांनी, त्यांचा एखादा शब्द तरी सापडेल म्हणून त्र्यंबकरावांनी सगळे भाग लक्ष देऊन ऐकले. प्रत्येक भागात ते कुठेतरी अडतात, थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि मग बरोबर नाव त्यांच्याच आवाजात येतं.