दोरीवरचा बल्ब

वस्तीवर वीज नवीनच आली होती, तेव्हाची गोष्ट. हौसाक्कांनी खोक्यात भुसा पसरला, कोंबडीची आईवेगळी पिल्लं सोडली आणि उबेसाठी वर दोरीने बल्ब टांगला. पिल्लं त्याच्याखाली दाटीवाटीने झोपली. बल्ब रात्रंदिवस जळत राहिला.

पुढे पिल्लांना पिसं फुटली, तशी ती कडेला सरकू लागली. थकलेला बल्ब कळवळला, "यांच्यासाठी मी जळतोय, अन् ही लांब पळतात! अक्का, मला आणखी खाली सोडा."

अक्कांनी पिल्लांकडे पाहिलं आणि दोरी वर ओढली.

"माझं काय चुकलं गं?" बल्बाने शेजारच्या म्हाताऱ्या कोंबडीला विचारलं.

कोंबडी पेंगत म्हणाली, "काही नाही रे. गारठलेली पिल्लंच चिकटून बसतात. ही लांब गेली, म्हणजे तुझी ऊब पोचली. माझीही अशीच गेली. तेव्हा कुठे मला झोप लागली."