बाकांच्या जागा

एकदा एका नगरातील लोकांना वाटले, की आपल्या वस्तीच्या मधोमध एक विस्तीर्ण उद्यान असावे. जागा होतीच. साठ वर्षे तिथे वीटभट्ट्या चालल्या होत्या. नगरातली निम्मी घरे त्याच मातीची. पुढे माती संपली, भट्ट्या विझल्या, मजुरांची वस्ती ओढ्यापलीकडे हलवली गेली आणि शंभर एकरांचे ते खाचखळग्यांचे रान तसेच पडून राहिले.

उद्यान रचण्याचे काम एका वृद्ध आचार्यांकडे आले. त्यांच्यासोबत एक शिष्य होता. त्याचा हात इतका रेखीव, की त्याचे नकाशे पाहून जाणकारही माना डोलावत. वाटा, झाडे, तळे यांची आखणी झाल्यावर आचार्य त्याला म्हणाले, "आता बाकांच्या जागा तू ठरव."

शिष्याने तीन दिवस मान वर केली नाही. दर शंभर पावलांवर वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बाक, आणि मधल्या वर्तुळात नगरप्रमुखांच्या आवडीचे कारंजे. नकाशा मधोमध दुमडला असता, तर एक बाजू दुसरीवर तंतोतंत बसली असती.

आचार्यांनी तो बराच वेळ पाहिला. "रेघा सुरेख आहेत," ते म्हणाले. "उद्या सकाळी बादलीभर चुन्याची फक्की घेऊन ये. नकाशा इथेच राहू दे."

सकाळी शिष्य पोचला, तेव्हा आचार्यांजवळ एक म्हातारी उभी होती. पाय किंचित फेंगडे, पदर कमरेला खोचलेला. भट्टीवर विटा वाहण्यात जिचा जन्म गेला ती ही ठकूबाई. तिला बोलवायला आचार्य स्वतः दोनदा ओढा ओलांडून गेले होते, हे शिष्याला तेव्हाच कळले.

"बाई, तुम्ही तुमच्या मनाने चाला," आचार्य म्हणाले. "वाटेल तिथे थांबा. आम्ही मागून येतो."

"बाग तुमची, आन् पाय माझं झिजवता व्हय?" ठकूबाई हसली.

"बाग कुणाची ते अजून ठरायचंय."

ती चालू लागली. चढावर चाळीस पावले गेली आणि थांबली. आचार्यांनी खूण केली, तशी शिष्याने तिथे मूठभर फक्की टाकली. नकाशातला बाक अजून साठ पावले पुढे होता. पुढचा थांबा तीस पावलांवरच पडला. मग आखलेल्या तळ्याच्या काठाने सपाटीवर मात्र ती दोनशे पावले न थांबता गेली. पुढे एकदा चपलेत खडा गेला, तो काढायला टेकावे तर काहीच नव्हते. शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून तिने तो काढला. तिथेही फक्की पडली.

शिष्याला प्रथम हे सारे विचित्र वाटले. गुडघे दुखणाऱ्या एका म्हातारीच्या चालीने एवढ्या मोठ्या नगराचे उद्यान आखायचे? पण हळूहळू त्याचे कुतूहल जागे झाले. आता ती त्या चाफ्यापाशी थांबेल, असा त्याने मनाशी अंदाज बांधला. चुकला. चिंचेखाली थांबेल म्हणाला, तिथेही चुकला. मग त्याने जमिनीकडे पाहणे सोडून तिच्याकडे पाहायला सुरुवात केली. थांबण्याआधी तिचा डावा हात कमरेवर जातो, हे त्याच्या ध्यानात आले, आणि पुढचे चार थांबे त्याने अचूक ओळखले. त्याला मोठी गंमत वाटू लागली.

आणि मग ती भलतीकडेच थांबली. जमीन सपाट होती, सावली होती, आधीची खूण जेमतेम दहा पावलांवर होती. हात कमरेवर गेलाही नव्हता.

"आजी, दमलात का?" शिष्याने पुढे होऊन विचारले.

"न्हाई रं." तिने पायाच्या अंगठ्याने माती जराशी उकरली. खाली लालभडक चुरा होता. "हितं भट्टीचं तोंड हुतं. दुपारी विटा वाहत हुते, आन् दिस कलायच्या आत लेक झाली. ह्याच जाग्यावर, विटांच्या आडुशाला. बायांनी लुगडी धरली चौफेर."

नकाशात ही जागा कारंज्याची होती. शिष्याने आचार्यांकडे पाहिले. "इथे खूण करायची का, गुरुजी? त्या दमलेल्या तर नाहीत."

बाक नव्हताच, म्हणून ठकूबाई जमिनीवरच टेकली. आचार्यही तिच्यापासून थोडे अंतर ठेवून बसले आणि त्यांनी शिष्यालाही बसायला खुणावले.

"सर्वांत हळू चालणाऱ्याच्या सोयीने बाक ठेवला, तर धावणाऱ्याचं काही अडत नाही," ते म्हणाले. "पण धडधाकट माणसाच्या पावलांनी मोजून ठेवला, तर ह्या बाई चढावरूनच माघारी जातील. आणि त्या आल्याच नाहीत, हे तुला-मला कधी कळणारही नाही. न आलेल्या माणसाची तक्रार कुणाच्या कानावर येत नसते. एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी यांना आणलं. पण हा शेवटचा थांबा मलाही ठाऊक नव्हता. अनेक उद्यानं रचली मी. कितीतरी ठिकाणी असे थांबे माझ्या हातून बुजले असतील. आता तूच सांग, खूण करायची का?"

शिष्याने बादलीत हात घातला. तळाशी उरलेली सगळी फक्की त्याने तिथे ओतली.

"नगरप्रमुखांना कोण सांगणार?" आचार्यांनी विचारले.

"मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो नगरप्रमुखांसमोर उभा राहिला. काय काय बोलायचे ते त्याने वाटेत घोकले होते. कारंजे मधोमध राहणार नाही, हे ऐकून नगरप्रमुखांच्या कपाळाला आठी पडली.

"दारातून दिसेल ना?"

"दिसेल. थोडं डावीकडे."

"मग माझं काही म्हणणं नाही," असे म्हणून ते पुढच्या कागदाकडे वळले. घोकलेले सारे शिष्याच्या ओठांवरच राहिले. ज्या मधल्या रेषेसाठी आपण तीन दिवस जीव आटवला, ती आपल्याखेरीज कुणाला हवीच नव्हती, हे उमजून त्याला आधी ओशाळवाणे वाटले, मग हसू आले.

तो परत आचार्यांच्या कचेरीत गेला नाही. ओढा ओलांडून थेट ठकूबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आजी, पश्चिमेची बाजू राहिलीय. उद्या याल?"

"कालपास्नं गुडघं लई ठणकत्यात बाबा."

"हळू चालू. मला घाई नाही."

ठकूबाईने त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. "मंग लेकीला बी आणते," ती म्हणाली. "तिला म्या ती जागा कधी दाखवलीच न्हाई."

ज्याच्यासाठी काही घडवायचे, त्याच्या मागून आधी थोडे चालून पाहावे.