मधाच्या झाडावरची खूण

“माणूस गेलं, की त्याचं बोलणं कुठे जातं?”

कोंडूने हे बहिणीच्या चितेपाशी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. त्या गावात असल्या वेळी कोणी बोलतच नसे.

मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, ही गोष्ट जनावरं माणसांशी बोलत तेव्हाची. कड्याखाली मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं. घरातला आक्रोश ऐकला की मधमाश्या रान सोडतात, अशी त्यांची समजूत. म्हणून ज्या घरात मरण येई, त्या घरात पुढचा मध उतरेपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढत नसे. दुःखाला मान द्यायची त्यांची ती रीत होती.

कोंडूचा मेहुणा आधीच कड्यावरून पडून वारला होता. आता तापाने बहीणही गेली. मागे राहिली तिची लेक, सगुणी. नुकती बोबडं बोलायला लागलेली. घास पुढे करताना आई म्हणायची, “आलं गं आलं!” आणि सगुणी खिदळत म्हणायची, “आ गं आ!”

आता घर मुकं झालं. शेजारणी यायच्या, पोरीला न्हाऊ घालायच्या, भरवायच्या, डोळे पुसायच्या. पण बोलायच्या नाहीत. हळूहळू सगुणीही गप्प झाली.

गावाची आणखी एक रीत होती. मध उतरायच्या दिवशी, अंगावरचं दूध सुटलेल्या प्रत्येक लेकराने जुन्या झाडाखाली आपलं नाव सांगायचं. जे सांगणार नाही, ते देवाचं. त्याला नदीपलीकडच्या मठात नेऊन सोडत.

कोंडू घाबरला. डोक्याने तापट पोरगा, गुरुजींच्या ओसरीवर चार दिवसही न टिकलेला. त्याने सगुणीला रानात नेलं आणि ओरडला, “बोल! सगुणी म्हण! म्हण ना!”

पोर रडू लागली. मग तोही रडू लागला.

“अरे मेल्या, पिल्लाला कशाला घाबरवतोस?” वारुळामागून एक अस्वलीण बाहेर आली. तिच्या पाठीवर तिचं पिल्लू होतं.

“ही बोलत नाही.”

“तू बोलतोस का हिच्याशी?”

“आत्ता बोललो की!”

“त्याला हुकूम म्हणतात, बाबा. मी माझ्या पिल्लाला कधी ‘मध म्हण’ म्हटलं नाही. पाठीवर घेते. मध दिसला की मधाचं बोलते, वाळवी दिसली की वाळवीचं. मग गप्प बसते. त्याची पाळी असते ना!”

“आणि ते काहीच बोललं नाही तर?”

“नुसता कान हलला, तरी ते उत्तरच. जा आता. मला झोपायचंय.”

कोंडूने सगुणीला पाठुंगळी घेतलं. “हा पळस. ह्याच्याखाली तुझ्या आईला मुंगळा डसला होता. काय नाचली होती!” मग तो थांबला. थांबणं त्याला फार जड गेलं. पण सगुणीने बोट दाखवलं. पुढे कधीतरी हुंकार दिला. पुढे हसली.

जुन्या झाडाच्या बुंध्यावर घराघरातल्या माणसांच्या खुणा कोरलेल्या होत्या. जाता-येता तो तिचं बोट धरून चंद्रकोरीवरून आणि कोरीच्या पोटातल्या ठिपक्यावरून फिरवी. “ही आईची.”

गावाच्या नाईकाने त्याला अडवलं. “सुतकात तोंड चालवतोस? लाज वाटत नाही?”

“नाईक, मेलेल्यांसाठी मी जन्मभर गप्प बसेन,” कोंडू म्हणाला. “पण ही जिवंत आहे.”

मध उतरायचा दिवस आला. गेलेल्यांच्या खुणाही त्याच दिवशी खरवडून टाकत. त्यासाठी कोंडूच्या हातात सुरी दिली होती.

“पोरी, नाव सांग,” नाईक म्हणाला.

सगुणी गप्प. कोंडूच्या ओठांवर ‘बोल!’ आलं होतं. त्याने दात आवळले. पाळी तिची होती.

तेवढ्यात मधाची पहिली टोपली दोराने खाली येऊ लागली. सगुणीने दोन्ही हात पुढे केले. “आलं गं आलं!”

आईचाच सूर, आईचाच हेल. बायांनी पदर डोळ्यांना लावले. कोंडू तिच्याकडे बघतच राहिला. मग सगुणीने झाडावरच्या चंद्रकोरीवर बोट टेकवलं. “आईची.” तेच बोट छातीवर आलं. “छगुणीची.”

नाव आलं होतं. नाईक तिच्यासमोर उकिडवा बसला. “आणि ही माशी कोणाची गं?” टोपलीवरच्या माशीकडे बोट करून त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट बघितली.

तेव्हापासून त्या गावात सुतक आलं, तरी लेकरांशी बोलणं थांबलं नाही. मधमाश्याही कुठे गेल्या नाहीत.

कोंडूने खूण खरवडली नाही. साल वाढून ती बुजत चालली होती. त्याने ती सुरीने खोल कोरली, कोरीतला भुसा फुंकून टाकला आणि सगुणीचं बोट तिच्यावर ठेवलं. बहीण आणि भाची, दोघींसाठी मिळून केलेलं त्याचं हे शेवटचं काम; पुढचं सगळं सगुणीसाठी.

तात्पर्य: ‘बोल’ म्हटल्याने लेकरू बोलत नाही, त्याच्याशी बोलावं, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावं.