वीतभर दबलेली कमान

नावखारच्या टेकडीवर पाद्र्यांच्या जुन्या विद्यापीठाचे देऊळ आहे. आत गेलात की आधी वेदीवरच्या कमानीकडे पाहा. मधोमध ती वीतभर दबलेली दिसेल, झोपेत मान कलंडावी तशी.

ती बांधणारा बस्त्याव गवंडी बोलायला फार कमी होता म्हणे. त्याची बायको कारीन शिंपले भाजून चुना करायची आणि खड्ड्यात मुरत ठेवायची. दुपारी सारे निजले की बस्त्याव त्या खड्ड्याच्या काठी बसे. चुना बुडबुडे सोडी. त्याला वाटे, समुद्रच आत निजून श्वास घेतो आहे.

कमानीचा शेवटचा दगड बसला तेव्हा सणाला बाराच दिवस उरले होते. सणाला विद्यापीठातल्या पहिल्या विद्यार्थ्यांना त्याच कमानीखाली पदव्या द्यायच्या होत्या. थोरले पाद्री फादर लूकास मोठे गणिती. ते म्हणाले, "त्या दिवशी खालचा लाकडी सांगाडा काढा."

"चाळीस दिवस लागतील, फादर," बस्त्याव म्हणाला. "चुना ओला आहे."

"मी गणित मांडलंय. कमान उभी राहील."

कारीन हात पुसत म्हणाली, "गणित बरोबरच असेल. पण चुन्याला वाचता येत नाही. आणि तुमची पोरं सात वर्षं शिकली, ती महिन्याभरात विसरतील होय?"

फादर हसले, पण दिवस बदलला नाही.

गवंड्यांची रीत अशी, की सांगाडा निघताना बांधणाऱ्याने कमानीखाली उभे राहायचे. सणाच्या सकाळी बस्त्यावने डोक्याचे फडके काढले आणि तो आत गेला. कमान पडणार हे त्याला कळत होते. वर ओला चुना मंद चमकत होता, पाण्यात चांदणे बुडावे तसा. तेवढ्यात कारीन शेजारी येऊन उभी राहिली.

"तू कशाला आलीस?"

"चुना माझा आहे."

सुताराने सांगाड्याखालची पहिली पाचर सैल केली. सांगाडा खचला आणि कमान उसासा टाकल्यासारखी वीतभर खाली आली. पांढरी भुकटी दोघांच्या केसांवर हलकेच उतरली. बस्त्यावने डोळे मिटले. मग खांद्याला झग्याची बाही लागली. फादर लूकास शेजारी उभे होते.

"पाचर परत ठोक," ते सुताराला म्हणाले. मग कारीनकडे वळून हळूच म्हणाले, "वाचता मला आलं नाही, बाई."

त्यांनी पदव्यांचे कागद वेदीवर ठेवले आणि पोरांना घरी धाडले. पुन्हा पहिल्यापासून मोजून चाळीस दिवस ते रोज गवंड्याशेजारी कमानीखाली बसून राहिले. त्या दिवसांत देवळाला भरतीचा वास यायचा, असे सांगतात. एक्केचाळिसाव्या दिवशी सांगाडा निघाला. कमान केसभरही हलली नाही.

आजही इथे पास झालेल्या पोरांच्या पदव्या चाळीस दिवस त्या कमानीखाली ठेवतात. एखादा अधीर बाप मधेच कागद मागायला येतो. मग देवळाची झाडलोट करणारी बाई त्याला बाकावर बसवते आणि म्हणते, "थांबा थोडं. अजून ओलं आहे."