पाणी विचारलं का?

घाटाच्या पायथ्याशी एका गावात सगुणाबाई नावाची एक गृहिणी राहत होती. पाहुणचारात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पंगतीतल्या माणसाने पानावर आडवा हात धरला, तरी बोटांच्या फटीतून जिलबी आत सरकवण्याची कला तिला साधली होती. चार दिवसांसाठी आलेले पाहुणे दुसऱ्याच दिवशी पोट धरून घरी परतत. तिला वाटे, लोकांना हल्ली फार कामं असतात.

तिचा धाकटा भाऊ सोपान दूरदेशी व्यापार करी. एका वर्षी दिवाळी झाल्यावर तो एक कुंडी घेऊन बहिणीकडे आला. कुंडीत परमुलखातल्या दमट रानातलं झाड होतं. फूल नाही, फळ नाही. नुसती ताटाएवढी हिरवीगार पानं, आणि प्रत्येक पानाला कातरल्यासारख्या खाचा. सोपानची बायको मैना त्याच वर्षी वारली होती. हे झाड तिने एका कांडीपासून वाढवलं होतं.

"अक्का, घराला कुलूप लावून चाललोय. अक्षय्य तृतीयेला येईन," सोपान म्हणाला. "तिच्या हातचं एवढंच उरलंय."

"निश्चिंत जा. माझ्या घरातून आजवर कुणी उपाशी गेलंय का?"

सगुणाबाईने कुंडी माजघरात ठेवली आणि सगळ्या घराला बजावलं, "हा पाहुणा आहे. येता-जाता याला पाणी विचारायचं." घर आज्ञाधारक होतं. सकाळी तिने एक तांब्या घातला, आंघोळ करून आलेल्या नवऱ्याने एक, दोघी सुनांनी एकेक. आल्यागेल्यांनीही आपल्या पेल्यात उरलेलं पाणी कुंडीतच ओतलं.

महिन्याभरात खालचं पान पिवळं पडलं. बिचारं भुकेलं असणार, असं म्हणून सगुणाबाईने ताक घातलं. आणखी दोन पानं पिवळी पडली. तिने कुंडी अंगणात उन्हात नेली, तर पानांवर भाजल्याचे डाग उठले. शेवटी तीनच पानं राहिली, आणि त्यांनीही मान टाकली. सगुणाबाईचं अन्नावरचं मन उडालं. मैनेची एवढीशी खूण आपल्या घरात मेली, तर सोपानला तोंड कसं दाखवायचं, याचा तिने धसका घेतला.

कोंडाबाई माळीण रोज दारात फुलांची पुडी देऊन जाई. त्या दिवशी सगुणाबाईने तिला आत बोलावलं आणि झाड दाखवलं. म्हातारीने मातीत बोट खुपसलं. ते चिखलाने माखून बाहेर आलं. तिने ते नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याला पानी कुनी इचारलं?"

"सगळ्यांनीच. दिवसातून सहा-सहा तांबे."

"घातलं समद्यांनी. इचारलं कुनीच न्हाई."

सगुणाबाईला ते झोंबलं. तिच्या पाहुणचाराला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण चिखलाने भरलेलं बोट समोर होतं. ती म्हणाली, "कसं विचारायचं ते सांग."

कोंडाबाईने झाड अलगद उपसलं, कुजलेली काळी मुळं कापून टाकली आणि बुडाला भोक असलेल्या नव्या कुंडीत वाळू मिसळलेली भुसभुशीत माती भरून ते लावलं. कुंडी खिडकीजवळ ठेवली, जिथे उजेड होता पण ऊन नव्हतं. "रोज बोट घालायचं," ती म्हणाली. "दोन पेरं कोरडं लागलं तर पानी. वलं लागलं तर हात धुवायचा न् आपल्या कामाला लागायचं."

हे हात धुऊन कामाला लागणं सगुणाबाईला फार जड गेलं. रोज सकाळी ती भरला तांब्या घेऊन कुंडीपाशी जाई, बोट घाली आणि तांब्या तसाच परत आणी. शेजारणी म्हणाल्या, सगुणाबाईंनी हात आखडता घेतला वाटतं. तिने ते ऐकून घेतलं. घरातल्यांनाही तिने स्वच्छ सांगितलं, "चूक माझी होती. आता माझ्याशिवाय कुणी पाणी घालायचं नाही." मात्र ओल्या फडक्याने पानं पुसायचं काम तिने रोजच काढलं, कारण तिच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी माती कोरडी लागली आणि झाडाला पाणी मिळालं. पुढे चैत्रात खोडातून एक कोवळी सुरळी वर आली.

अक्षय्य तृतीयेला सोपान आला तेव्हा ती सुरळी उलगडून नवं पान झालं होतं. तो त्या पानावरून बराच वेळ बोट फिरवत राहिला. त्याचे डोळे भरून आले. मग सगळे जेवायला बसले. सगुणाबाई आमरसाचं पातेलं घेऊन दुसऱ्यांदा वाढायला आली, तसे सोपानने सवयीने दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"हात काढ," ती म्हणाली. "नुसतं विचारतेय. आणखी हवा का?"

"नको, अक्का."

सगुणाबाईने उचललेली पळी परत पातेल्यात ठेवली. त्या खेपेला सोपान आठ दिवस राहिला.

तात्पर्य: आपल्याला किती द्यावंसं वाटतं ते पाहून देऊ नये, समोरच्याला किती हवं ते विचारून द्यावं.