उंबरधारेच्या ठकूआत्याची हाक

फार फार वर्षांपूर्वी, घाटातून गाडीरस्ता निघाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. उंबरधार नावाची वाडी तेव्हाही कड्याच्या अगदी काठावर होती, आजही तिथंच आहे. खाली कोकण, वर देश, आणि मधे दोन कड्यांच्या बेचक्यातून चढणारी एक अरुंद दगडी वाट. त्या वाटेला नाळ म्हणत. मीठ म्हणा, सुकट म्हणा, नारळ म्हणा, सगळं बायकांच्या डोक्यावरून याच नाळेनं वर यायचं.

वाडीच्या शेवटच्या घरात ठकू नावाची बाई राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ झालंच नाही. वाडीतली लहानथोर सगळी तिला आत्या म्हणायची. आत्या माणसांशी फार बोलत नसे. तिचं सगळं बोलणं व्हायचं ते कवडीशी.

कवडी ही तिची कोंबडी. काळ्या पिसांवर पांढरे ठिपके, म्हणून नाव कवडी. असं म्हणतात, की ती कुणाच्या खुराड्यातली हे कुणालाच कधी कळलं नाही. एकदा आत्या अंगणात नाचणी पाखडत बसली होती. वरून घार चालली होती. तिच्या पंज्यातून सुटलेलं एक पिल्लू थेट आत्याच्या सुपात येऊन पडलं. घार खाली आली आणि कुंपणावर बसली. आत्यानं सूप पोटाशी धरलं आणि म्हणाली, "आता ही माझी. तू दुसरीकडं बघ." घारीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि उडून गेली.

तेव्हापासून दोघी एका घरात राहिल्या. आत्या चुलीशी बसली की कवडी उंबऱ्यात बसायची. आत्या विचारायची, "काय गं, आज मीठ जास्त पडलं का?" कवडी मान वाकडी करून बघायची आणि आत्या त्यातून हवं ते उत्तर काढायची. पण कवडीला एक खोड होती. संध्याकाळ झाली तरी ती घरी यायची नाही. कड्याच्या काठाकाठानं चरत लांब जायची. मग आत्या नाळेच्या माथ्यावरच्या सपाट खडकावर उभी राहायची आणि हाक मारायची, "आऽऽ ती ती ती! आऽऽ ती ती ती!" आत्याचा आवाज बारीक होता, पण सुईसारखा आरपार जायचा. असं म्हणतात, ती हाक खाली कोकणातल्या गुराख्यांनाही ऐकू यायची.

अशी कैक वर्षं गेली. कवडी म्हातारी झाली, अंडी द्यायची थांबली, तरी फिरायची थांबली नाही.

एका श्रावणात ती सकाळी उठून बाहेर आलीच नाही. आत्यानं डालं उचलून पाहिलं, तर कवडी पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसली होती. आत्यानं तिला मांडीवर घेतलं, बोटानं चोचीत पाण्याचे थेंब सोडले. ऊन अंगणात येईपर्यंत कवडीनं दोनदा डोळे उघडले. मग उघडले नाहीत.

शेजारची चिंधाबाई पाण्याला निघाली होती. ती कुंपणाशी थांबली.

"गेली व्हय? दे हिकडं आत्या, जाताजाता ओढ्यात टाकते."

चिंधाबाई वाईट नव्हती. तिला खरंच मदत करायची होती. पण आत्यानं कवडीला पदराखाली घेतलं आणि तिच्याकडं पाठ केली. करवंदीच्या जाळीखाली तिनं खुरप्यानं खड्डा केला, कवडीला ठेवलं, वर दगड रचले. रडू घशापर्यंत आलं होतं. पण कुंपणापलीकडून कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, आणि आत्यानं ते रडू तिथंच गिळलं. कोंबडीसाठी रडायचं तरी कसं? वाडीत माणसं मरत होती, बैल मरत होते. त्यांच्यासाठी रडायची रीत होती. कोंबडीसाठी नव्हती.

मनात मात्र एकच घोकणं चालू झालं. काल डालं झाकायला मला उशीर झाला. तिला गारठा लागला. माझ्यामुळं गेली.

संध्याकाळ झाली आणि आत्याचे पाय आपोआप खडकाकडं गेले. तोंडातून हाक निघून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आता येणारं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. लोक कुजबुजायला लागले, की आत्याचं डोकं फिरलं, मेलेल्या कोंबडीला बोलावते. लेकरं घाबरून आईच्या मागं लपायला लागली.

शेवटी भादवा लागल्यावर चिंधाबाईच आली. "आत्या, राग धरू नको. पण पोरं भितात गं. एक कोंबडी ती. सोड आता."

आत्या म्हणाली, "सोडते."

त्याच दिवशी वाडीतल्या काही बायका खाली बाजाराला उतरल्या होत्या. गौरी तोंडावर आल्या होत्या, मीठ संपलं होतं. चिंधाबाईची लेक सारजाही त्यांच्यात होती, पहिल्यांदाच डोक्यावर ओझं घेऊन येणारी.

आणि दिवस कलताना धुकं आलं. असलं धुकं, की चुलीपाशी बसलेल्याला दार दिसेना. आत्या दार लावून आत बसली होती, तोंडात पदराचा बोळा धरून. खडकावर जायचं नाही, तोंड उघडायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

बाहेर गलका झाला. बायका आल्या नव्हत्या. माणसं कड्यावर जाऊन ओरडत होती, थाळ्या बडवत होती. पण नाळेत तो सगळा आवाज या कड्यावरून त्या कड्यावर आपटायचा, आणि खालच्यांना वाट उजवीकडं की डावीकडं तेच कळायचं नाही. एका बाजूला वाट होती आणि एका बाजूला खोल दरी.

दार धाडकन उघडलं. चिंधाबाई आत आली.

"आत्या, हाक मार!"

"कुणाला?"

"तुझी रोजची हाक मार! आगं, नाळेत धुकं असलं की आम्ही सगळ्याजणी तुझ्या हाकेवरच वर यायचो. तुझी बारीक हाक सरळ येती, तिच्याकडं तोंड करून चढायचं, एवढंच ठाऊक. कुणी कधी बोललं न्हाई, कुणाच्या मनातच आलं न्हाई. सारजा खाली हाय गं!"

आत्या उठली. दोघी एकमेकींचा हात धरून खडकापर्यंत गेल्या. आत्यानं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. गिळून ठेवलेलं रडू घशात दगडासारखं बसलं होतं.

"न्हाई येत," ती कशीबशी म्हणाली. "कुणाला हाक मारू गं? माझी कवडी मेली."

कवडी मेली, हे तिनं तोवर स्वतःच्या तोंडानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

चिंधाबाई तिथंच खडकावर बसली आणि लेकीच्या नावानं हंबरडा फोडून रडायला लागली. ते ऐकून आत्याचाही बांध फुटला. ती कवडीच्या नावानं रडली, मोठ्यानं रडली, तोंडाला पदर न लावता रडली. सगळी वाडी ऐकत होती आणि कुणीही हसलं नाही. रडतारडताच आत्यानं छाती भरून श्वास घेतला आणि हाक दिली.

"आऽऽ ती ती ती! आऽऽ ती ती ती!"

माणसांनी थाळ्या खाली ठेवल्या. सगळीकडं चिडीचूप झालं. आत्या हाका मारत राहिली. किती वेळ, ते कुणी सांगत नाही. मग धुक्यातून एक टोपली वर आली, टोपलीखाली एक बाई, तिच्यामागं दुसरी, आणि सगळ्यांत शेवटी सारजा. गुडघे फुटलेले, पण मिठाची टोपली डोक्यावर तशीच. चिंधाबाईनं लेकीला टोपलीसकट मिठी मारली आणि मीठ सगळ्या खडकावर सांडलं.

सारजा धापा टाकत म्हणाली, "आत्या, तुझी हाक वरनं येत हुती. पर पायाशी कोंबडी चालत हुती. कुक् कुक् करत. म्हाग वळून बघायची, थांबायची, पुन्हा चालायची. पिल्लांना नेते तशी. शेपटीवर पांढरं ठिपकं हुतं."

दुसरी बाई म्हणाली, "मीबी ऐकली." तिसरीनंही तेच सांगितलं. ती रानकोंबडी असेल, असं काही लोक म्हणतात. असेलही. पण रानकोंबडी माणसाच्या पुढं चालत नाही, आणि मागं वळून तर मुळीच बघत नाही.

आत्या ऐकत उभी राहिली. मग तिला अचानक हसू आलं. डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "मेली! जिवंतपणी एक दिवस कुणाच्या वाटेनं चालली न्हाई. आता लोकांना वाट दाखवती!" तिच्या छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून खाली ठेवलं होतं. श्रावणापासून पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधाबाई पिठलं-भाकरी घेऊन आली. मयताच्या घरी शेजारी पहिला घास नेतात, त्याला कडू घास म्हणतात. तो तिनं कोंबडीसाठी आणला होता.

"आत्या, तवाच आणायला हवा हुता. चुकलं माझं."

आत्या म्हणाली, "त्या रातीला डालं झाकायला मला उशीर झाला गं. म्हणून गेली ती."

"आगं, म्हातारी झाली हुती. तुझ्या मांडीवर गेली. आणखी काय पायजे जिवाला?" चिंधाबाई भाकरी मोडत म्हणाली. "खा, आन् मला सांग. कशी हुती ती?"

आत्यानं घास घेतला आणि सांगायला लागली. हळूहळू बाकीच्या बायकाही आल्या, सारजा लंगडत आली. एकीला आठवलं, की कवडीनं एकदा पाटलाच्या वाळत घातलेल्या पागोट्यात अंडं घातलं होतं, आणि पाटलानं ते पागोटं न बघताच डोक्याला बांधलं होतं. सगळ्या पोट धरून हसल्या. आत्या सर्वांत जास्त हसली.

पुढं आत्या पुष्कळ वर्षं जगली आणि रोज तिन्हीसांजेला हाक मारत राहिली. असं म्हणतात, ती होती तोवर नाळेत एकही माणूस चुकलं नाही.

आता गाडीरस्ता झाला आहे, नाळेनं कुणी येत नाही. तरी भादव्यात धुकं उतरलं, की उंबरधारेतली एक बाई खडकावर जाते आणि हाक घालते. आज या घरची, उद्या त्या घरची. नव्या सुनेला लाज वाटते, पण एकदा आवाज सुटला की तीही शिकते. आणि त्या वाडीत कुणाची कोंबडी गेली, शेळी गेली, दारातलं कुत्रं गेलं, तर त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. जनावरच होतं, असं तिथं कुणी म्हणत नाही. ठकूआत्याचं नाव घेऊन शेजारीण भाकरी आणते, पुढ्यात ठेवते, स्वतः खाली बसते आणि म्हणते, "खा. आन् सांग, कशी हुती?"

मग घरचं माणूस सांगायला लागतं.